लाल बावटा कलापथकाची गाणी आणि खानदेश

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापीचे पात्र, या दोहोंमधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात यावल तालुका पसरलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रदेश विस्ताराने लहान, परंतु आशयाने मोठा आहे. फैजपूर, न्हावी, भालोद या बाजूच्या लेवा पाटीदारांच्या घरांत लेवा गणबोली बोलली जाते. पश्चिमेस चोपड्याच्या दिशेने निघाले की अहिराणीची छाया दाट होऊ लागते. डोंगराच्या पायथ्याशी तडवी आणि पावरा यांच्या बोली कानी पडतात. आणि शाळा, कचेरी व छापील कागद यांचा व्यवहार प्रमाण मराठीत चालतो. 'मला' या अर्थी 'माले' म्हणण्यात लेवा बोली आणि अहिराणी एकमेकींच्या सोबतीने चालतात. परंतु 'आहे' म्हणण्याची वेळ आली की एक 'हाये' म्हणते आणि दुसरी 'शे'. अशा प्रदेशात बाहेरून एखादे गाणे आले, तर ते कोणत्या मराठीत ऐकले जाते आणि त्यातले काय टिकते, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. तो इतिहासाचाही होतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न लाल बावटा कलापथकाच्या दोन गाण्यांच्या आधारे तपासावयाचा आहे.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ मध्ये मुंबईत हे कलापथक उभे केले. तिघांमध्ये लेखणीचा मुख्य भार अण्णाभाऊंकडे होता आणि गळ्याचा अमर शेखांकडे. अण्णाभाऊ (१९२०–१९६९) हे सातारा जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीतील वाटेगावचे. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही. आप्तांच्या तमाशात काम केल्याचा अनुभव मात्र पक्का. आणि पुढे मुंबईच्या गिरणीत मजुरी. अमर शेख (१९१६–१९६९) हे मूळचे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. त्यांची आई मुनेरबी हिच्या तोंडची गाणी हेच त्यांचे पहिले शिक्षण. 'कलापथक' हा शब्द आज पुष्कळ सैल झाला आहे. त्या काळी त्याला निश्चित अर्थ होता. डफ, तुणतुणे, ढोलकी व झांज एवढ्या सामग्रीवर, पडदा वा रंगमंच यांची वाट न पाहता, कामगारवस्तीत अथवा गावच्या चावडीपुढे उभे राहून पोवाडा, लावणी आणि वग यांच्या साच्यात समकालीन प्रश्न मांडणारा संच, असा तो अर्थ होय. तमाशातील गण व गौळण यांची परंपरागत जागा अण्णाभाऊंनी बदलली, वगाचा नायक राजवाड्यातून काढून चाळीत आणला, आणि 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' अशी लोकनाट्ये लिहिली. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर आणि या पथकाच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा 'तमाशा' हे नाव मागे सारून 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले, असे सांगितले जाते. सरकारी हुकमाने मराठीला दिलेली ही एक भेटच म्हणावयाची.

१९४४ ते १९६० या काळात ज्यांचे बालपण गेले, त्या पिढीच्या आठवणींत अमर शेखांच्या आवाजाचा उल्लेख वारंवार आढळतो. ध्वनिक्षेपकाची गरज नसलेला तो आवाज होता, असे ऐकणारे सांगत आले आहेत. मोठ्या माणसांनी त्या गाण्यांत राजकारण ऐकले. मुलांनी ठेका ऐकला. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण बालपणीच्या आवडत्या गाण्याकडे प्रौढपणी वळणारा मनुष्य नेहमी दोन गाणी ऐकत असतो: एक जे त्याला तेव्हा समजले होते ते, आणि दुसरे जे गाणाऱ्यांनी प्रत्यक्षात म्हटले होते ते. ही दोन्ही गाणी एकमेकांपासून कितीतरी दूर असू शकतात.

खानदेशात अशा सार्वजनिक गाण्याला भूमी आधीच तयार झालेली होती. राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथेच भरले. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. टिळकनगर नावाने उभारलेल्या त्या वस्तीची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्य वापरून केली होती. किसान सभेची परिषदही त्याच वेळी तेथे झाली. या अधिवेशनासाठी साने गुरुजी खानदेशच्या खेड्यांतून हिंडले. त्यांच्या प्रचारात व्याख्यानाइतकेच गाणे असे. त्यामुळे सभेत गाणे म्हणावयाचे, ते शेकडो लोकांनी मिळून म्हणावयाचे आणि त्याचा विषय देव अथवा प्रणय नसून देश असावयाचा, ही सवय या भागाला कलापथक येण्यापूर्वीच लागलेली होती.

फैजपूरहून पश्चिमेस चोपडा ओलांडून तापीच्या दक्षिणेस उतरले की बोरी नदीच्या काठी अमळनेर लागते. प्रताप शेठ यांची कापडगिरणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे उभी राहिली आणि सखाराम महाराजांच्या यात्रेचे गाव गिरणगाव झाले. १९२४ ते १९३० या वर्षांत साने गुरुजी येथील हायस्कुलात शिक्षक होते. याच अमळनेरात १९४६ मध्ये गिरणीकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कामगारांचे बळी गेले. दुसऱ्याच वर्षी अण्णाभाऊंनी 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा रचला. मुंबईच्या कामगारचळवळीतील शाहिराने खानदेशातील एका ताज्या घटनेवर संपूर्ण रचना करावी, ही गोष्ट साधी नाही. स्टालिनग्राड, बंगालचा दुष्काळ, तेलंगणाचा लढा हे त्या वर्षांतील त्यांचे इतर विषय पाहिले, म्हणजे त्या पंक्तीत अमळनेरला केवढे स्थान मिळाले ते कळून येते. बोरीकाठचा कामगार आणि व्होल्गाकाठचा सैनिक यांना एकाच डफावर घेणारा हा शाहीर होता.

असे असूनही हा पोवाडा छापील संग्रहांत राहिला. अण्णाभाऊंच्या दुसऱ्या काही गाण्यांप्रमाणे तो तोंडोतोंडी फिरला नाही. याचे एक कारण पोवाड्याच्या जातीतच आहे. पोवाडा प्रसंगाला बांधलेला असतो. स्थळ, काळ, नावे, क्रम, कोण कोठे उभा होता आणि कोणावर काय ओढवले, हे सर्व सांगण्याची जबाबदारी तो स्वीकारतो. ज्या श्रोत्याला ती नावे ठाऊक आहेत त्याच्या अंगावर काटा येतो. त्या श्रोत्याच्या नातवाला तीच नावे इतिहासाच्या पुस्तकातील वाटतात. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा टिकला, कारण त्यातला प्रसंग शतकानुशतके दुसऱ्या शंभर मार्गांनी सांगितला जात राहिला. अमळनेरच्या कामगारांसाठी तसे सांगणारे दुसरे मार्ग फारसे नव्हते. पोवाड्याला त्यांचा भार एकट्यानेच वाहावा लागला.

दुसरे कारण भाषेचे आहे आणि ते अधिक खोल आहे. अण्णाभाऊंच्या शाहिरीची भाषा ही वारणाखोऱ्यातील बोली, तमाशाची रंगमंचीय मराठी आणि चळवळीच्या पत्रकांतील संस्कृतप्रचुर शब्द यांच्या मिश्रणातून घडली आहे. मुंबईत ती भाषा सहज चालत असे, कारण तेथील गिरणीकामगारांत घाटावरचा आणि कोकणातला वर्ग मोठा होता. अमळनेरच्या कामगाराची घरची भाषा अहिराणी. तो षष्ठीला 'चा-ची-चे' लावीत नाही, 'ना-नी' लावतो. सप्तमीला 'घरात' न म्हणता 'घरमा' म्हणतो. पोवाडा त्याला समजत नव्हता असे मुळीच नाही. खानदेशी श्रोत्याला रंगमंचाची मराठी तमाशाने पूर्वीच परिचित करून दिलेली होती. पण समजणे वेगळे आणि जात्यावर बसल्यावर आपोआप ओठांवर येणे वेगळे. आपल्या माणसांच्या मरणाचे गाणे दुसऱ्या मुलखाच्या वळणात आले, तर ते आदराने ऐकले जाते आणि आदरानेच बाजूला ठेवले जाते. कलापथकाच्या एकंदर कार्यात हे एक न्यून राहिले, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. कामगार सर्वत्र एक आहे, या सिद्धान्ताच्या भरात त्याची बोली सर्वत्र एक नाही, ही गोष्ट नजरेआड झाली.

याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आपली गाणी लेवा गणबोलीत म्हणत होत्या. त्या आसोद्याच्या; अक्षरओळख नसलेल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव यांच्या खटपटीने आणि आचार्य अत्र्यांच्या पुरस्काराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, तेव्हा 'डोळा' याला 'डोया' म्हणणारी बोली केवढा विचार पेलू शकते याचा उर्वरित महाराष्ट्राला शोध लागला. यावल-रावेरच्या घरांतून तो शोध लागण्याची आवश्यकता नव्हती. शाहिरांना ही बोली हाताशी असती तर अमळनेरच्या पोवाड्याचे काय झाले असते, हा तर्क निष्फळ आहे खरा; पण तो मनात आल्यावाचून राहत नाही.

आता दुसऱ्या गाण्याकडे वळू. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनकाळातील आहे आणि अमर शेखांच्या आवाजाने ती महाराष्ट्रभर पोचली. पोटासाठी मुंबईस आलेला एक मनुष्य आपल्या गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, येथून तिचा आरंभ होतो. प्रथम तिचे रूपवर्णन येते, अगदी लावणीच्या रिवाजाला धरून. मग निरोपाचा प्रसंग, जेथे दागिन्यांची आमिषे दाखविली तरी तिचे मन रमत नाही. मग मुंबई, तिथला झगमगाट आणि तिथली उपासमार. इथवर श्रोता एका विरही नवऱ्याची कहाणी ऐकत असतो. त्यानंतर, वळण घेतल्याचे भासू न देता, गाणे आंदोलनात शिरते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे येऊ लागतात आणि मैनेपासून झालेली ताटातूट ही तुटलेल्या मुलखाची ताटातूट होऊन बसते. रूपकाचा उलगडा शाहीर करीत बसत नाही. तो सांगत नाही की मैना म्हणजे अमुक. म्हणूनच ते रूपक जिवंत राहिले.

लहान मुलाला या गाण्यातील मैना प्रथम पक्षीच वाटावी, यात नवल नाही. गावी राहिलेला पक्षी आणि त्यासाठी हळहळणारा माणूस, एवढी गोष्ट मुलाला पुरते. वय वाढले की ती बायको आहे हे उमगते. आणि आणखी वय वाढून नकाशा पाहण्याची सवय लागली म्हणजे ती मुलूख आहे हे ध्यानात येते. ऐकणाऱ्याच्या वयाबरोबर अर्थाचा एकेक पदर सुटत जावा, ही सोय पोवाड्यात नसते. तेथे सर्व काही पहिल्याच श्रवणात सांगितलेले असते. बालपणी आवडलेले आणि प्रौढपणीही रिते न वाटणारे गाणे म्हणून या छक्कडीची योग्यता मोठी आहे. कलापथकाचे सर्वोत्तम गाणे कोणते, असा प्रश्न कोणी केलाच तर उत्तर हेच द्यावे लागेल. 'अमळनेरचे अमर हुतात्मे' याला ते स्थान देता येत नाही, याची खंत बाळगूनही.

या गाण्याच्या पहिल्या शब्दांतच भाषेचा एक बारीक पुरावा दडलेला आहे. आज त्याचे शीर्षक दोन प्रकारांनी रूढ आहे: कोठे 'गावावर राहिली' आणि कोठे 'गावाकडे राहिली'. दुसरा पाठ शहरी कानाला सरळ वाटतो. गाव दूर आहे, त्या दिशेला ती आहे, एवढेच तो सांगतो. 'गावावर' मधील 'वर' मात्र दिशा दाखवीत नाही. 'शेतावर कोणी आहे का', 'घरावर माणूस ठेवला पाहिजे' या प्रयोगांत जो राखणीचा, भार उचलण्याचा अर्थ आहे, तो या 'वर' मध्ये आहे. नवरा निघून गेला. घर, गोठा, म्हातारी माणसे यांचा भार जिच्यावर पडला ती गावावर राहिली. मूळ बोलीतील हा प्रत्यय गळून पडला की त्या बाईचे कामच गाण्यातून नाहीसे होते आणि उरते ते केवळ तिचे अंतर. गाणे गावाकडून शहराकडे जाताना त्याच्या शब्दांचे काय होते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित मिळते. अहिराणी माणूस या जागी 'गावमा' म्हणेल. त्यात भार नाही, दिशाही नाही, केवळ असणे आहे. तीन प्रत्यय, तीन निरनिराळ्या बायका.

छक्कडीतील नावांपैकी डांग हे नाव खानदेशच्या थेट सीमेवरचे आहे. एकोणिसाव्या शतकात डांगच्या भिल्ल राजांशी होणारा इंग्रजांचा व्यवहार, जंगलाचे पट्टे धरून, खानदेशच्या अधिकाऱ्यांमार्फत चाले. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीचा नववा खंड, तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांच्या सोबत ठेवण्यात आले. खानदेशीच्या निकटची जी डांगी, ती मराठीची बोली की गुजरातीची, यावर स्वातंत्र्यानंतरच्या दशकात जो कडाक्याचा वाद झाला त्याची मुळे अशा वर्गीकरणांतही आहेत. भाषाशास्त्रज्ञाने एखादी बोली कोणत्या कप्प्यात ठेवली याचे परिणाम पन्नास वर्षांनी कोणाच्या शाळेत कोणते पुस्तक येते यावर होतात, ही गोष्ट या शास्त्राच्या अभ्यासकांनी विसरू नये. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. त्याच पुनर्रचनेत पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा या भागांतील काही गावेही गुजरातेत गेली. छक्कडीत त्यांचा उल्लेख नाही, आणि असणे शक्यही नव्हते, कारण ती गावे जाण्यापूर्वीच गाणे तयार झालेले होते. परंतु राज्यस्थापनेनंतर बेळगाव-कारवारसाठी हे गाणे पुनःपुन्हा म्हटले गेले, तेव्हाही त्यात ती नावे कोणी घातली नाहीत. खानदेश या गाण्याच्या काठावरच राहिला. तरीही ते येथे रुजले, ही त्याची ताकद.

तोवर कलापथक एकसंध राहिलेले नव्हते. अण्णाभाऊ कादंबरी आणि कथेकडे वळले. 'फकिरा' १९५९ मध्ये आली. अमर शेखांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला मोटार अपघातात अमर शेख गेले. दोहोंमध्ये सहा आठवड्यांचेच अंतर. अमर शेखांची कन्या मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात या घरातील बालपण आले आहे. कलापथकाचे गाणे ज्यांच्या अंगणात होते त्यांनाही ते पुढे आठवणीतूनच परत मिळवावे लागले.

खानदेशच्या वाट्याला यानंतर जे शाहिरी गाणे आले त्याचा धागा, योगायोग म्हणावा तर, पुन्हा अमळनेरलाच पोचतो. कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) हे वाईजवळच्या पसरणीचे. पण शाळकरी वयात ते अमळनेरला आप्तांकडे राहिले. तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गुरुजींच्या सभांतून ते गाऊ लागले. शिक्षण अपुरे राहिले, गाणे राहिले नाही. पुढे 'शाहीर साबळे आणि पार्टी' हे नाव आकाशवाणीवरून आणि ध्वनिमुद्रिकांतून घरोघर गेले. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाल्यावर यावलसारख्या तालुक्यातील मुलांना शाहिरी ऐकण्यासाठी चावडीपुढे जाण्याची गरजच उरली नाही. लाल बावट्याच्या शाहिरांहून साबळ्यांची रीत निराळी होती. त्यांनी कोळीगीत, भारूड, जागरण, लावणी अशी मुलखामुलखांची वळणे त्या त्या मुलखाच्या उच्चारांसह रंगमंचावर आणली, आणि 'महाराष्ट्राची लोकधारा' हे त्याचे विस्तृत रूप होते. राजकीय धार येथे कमी, कान मात्र अधिक तयार.

राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि साबळ्यांनी गायिलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. शाळांतून ते आता नित्य म्हटले जाते. त्यात महाराष्ट्राच्या नद्यांची नावे येतात: रेवा आहे, कृष्णा आणि कोयना आहेत, गोदावरी आहे. तापी नाही. फैजपूरहून अमळनेरला जाणाऱ्याला ती वाटेत ओलांडावी लागते.